माझे मार्क जास्त, तरी तिचा एसजीपीए पुढे कसा?

«मॅडम, मी एस. वाय. बी. एस्सी.ला आहे, केमिस्ट्री मेजर. गाव सोडून हॉस्टेलवर राहते. तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला. मला ५५० पैकी ४०८ मिळाले, माझ्या रूममेटला ४००. पण माझा एसजीपीए ७.७३ आणि तिचा ८.२७. दोघींचे विषय तेच, कॉलेज तेच. मला तर काही सुचेनासं झालंय. पेपर तपासणाऱ्यांनी मुद्दाम एक-एक मार्क कमी दिला असेल का? माझे दोन विषय ६९ वर आहेत आणि एक ५९ वर. सगळेच पेपर रिव्हॅल्युएशनला टाकू का? पप्पा फोनवर म्हणतात, ते एसजीपीए वगैरे राहू दे, टक्के सांग. स्कॉलरशिपच्या फॉर्ममध्येही टक्केच विचारलेत, आणि निकाल उशिरा लागल्यामुळे त्याची तारीखही जवळ आलीय. कुणी म्हणतं दहाने गुण, कुणी म्हणतं साडेनऊने. अजून एक. दुसऱ्या सेमिस्टरला फिजिक्सच्या इंटर्नलमध्ये माझ्यापुढे ‘गैरहजर’ आलंय आणि विषय राहिलाय. मी टेस्ट दिली होती, सरांनी ४० पैकी २८ सांगितलेही होते. ऑफिसमध्ये गेले तर म्हणाले, कशाला धावपळ करतेस, केटीचा (राहिलेल्या विषयाच्या फेरपरीक्षेचा) फॉर्म भर, सोपा विषय आहे. ते बहुतेक तसंच करावं लागेल. पण ७.७३ चं काय करू ते सांगा.»

— एक विद्यार्थिनी

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ज्या गोष्टीसाठी तू झोप घालवलीस तिच्यावर पानभर लिहिलंस आणि ज्या गोष्टीने तुझं खरं नुकसान होतंय ती शेवटी चार ओळींत उरकलीस. म्हणून मी उत्तर थोडं उलट्या क्रमाने देणार आहे. पण आधी ७.७३ चा हिशेब करू, कारण तो नीट कळल्याशिवाय पुढचं तुला पटणार नाही. वही-पेन घे. तुझी मार्कशीट समोर ठेव आणि माझ्याबरोबर आकडे मांड.

मार्कशीटवर प्रत्येक विषयापुढे मार्क असतात, पण एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटांची सरासरी, त्या मार्कांवरून थेट निघत नाही. मध्ये दोन टप्पे आहेत. पहिला, मार्कांची ग्रेड होते आणि ग्रेडचा ग्रेड पॉइंट. चॉइस बेस्ड क्रेडिट सिस्टीम आली तेव्हा यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, दहा पॉइंटांची पट्टी सुचवली: ओ ला १०, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५, पी म्हणजे नुसतं पास त्याला ४, आणि नापास किंवा गैरहजर असेल तर शून्य. कोणत्या टक्क्यांना कोणती ग्रेड, हे मात्र विद्यापीठ ठरवतं. तुझ्या निकालावरून दिसतं की तुमच्याकडे ९० ला ओ, ८० ला ए प्लस, ७० ला ए, ६० ला बी प्लस, ५५ ला बी असा तक्ता आहे. मार्कशीटच्या मागे तो छापलेला असतो, एकदा ताडून बघ.

दुसरा टप्पा क्रेडिटचा. ग्रेड पॉइंटला त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचं, सगळ्या विषयांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. थिअरीचे साधारण पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट आणि प्रॅक्टिकलचे तीस, आणि तुमच्या रचनेत दोन क्रेडिटचा विषय ५० मार्कांचा, चार क्रेडिटचा १०० चा.

आता तुझे आकडे. केमिस्ट्रीचा पहिला पेपर, चार क्रेडिट, ६९ मार्क. सत्तरच्या आत म्हणून बी प्लस, ७ पॉइंट. चार साते अठ्ठावीस. केमिस्ट्रीचा दुसरा, चार क्रेडिट, ५९ मार्क. साठच्या आत म्हणून बी, ६ पॉइंट. चार सक चोवीस. फिजिक्स मायनर, चार क्रेडिट, ६९, पुन्हा अठ्ठावीस. उरलेले पाच विषय दोन-दोन क्रेडिटचे: प्रॅक्टिकलला ५० पैकी ४४ म्हणजे ८८ टक्के, ९ पॉइंट, अठरा. ओपन इलेक्टिव्हला ४६, ओ, वीस. मराठीला ३९ म्हणजे ७८ टक्के, सोळा. योगाला ४७, वीस. फील्ड प्रोजेक्टला ३५, बरोबर ७० टक्के, सोळा. बेरीज १७०. क्रेडिट २२. १७० भागिले २२ म्हणजे ७.७३. विद्यापीठाचं गणित चुकलेलं नाही.

मैत्रिणीचे मार्क तू पाठवले आहेस, तेही मांडू. केमिस्ट्री पहिला ७०, दुसरा ६०, फिजिक्स ७०. म्हणजे ८, ७ आणि ८ पॉइंट. चारने गुणले की बत्तीस, अठ्ठावीस, बत्तीस. तिचं प्रॅक्टिकल ४०, इलेक्टिव्ह ४५, मराठी ३५, योग ४५, प्रोजेक्ट ३५. या पाचही विषयांत मिळून ती तुझ्या अकरा मार्क मागे आहे, पण पाचांतही तिची ग्रेड तुझ्याइतकीच. बेरीज १८२, भागिले २२, उत्तर ८.२७.

दिसलं का? प्रॅक्टिकलला तू ४४ मिळवलेस आणि तिने ४०, पण ८० ते ८९ टक्के सगळ्यांना सारखेच ९ पॉइंट. तुझे ते चार मार्क एसजीपीएच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. आणि जिथे ती तुझ्यापुढे एकाच मार्काने आहे, ते तिन्ही विषय चार क्रेडिटचे, आणि तिन्ही ठिकाणी तो एक मार्क नेमका ग्रेडच्या सीमेवर. ग्रेड म्हणजे जिन्याच्या पायऱ्या आहेत, उतार नाही. ६१ पासून ६९ पर्यंत चढत आलीस तरी तू त्याच पायरीवर. तीन पेपरांत एकेक मार्क, प्रत्येकी चार पॉइंट, एकूण बारा पॉइंट, बारा भागिले बावीस, झाला तुमच्या दोघींतला अर्ध्या पॉइंटचा फरक.

ही पद्धत न्याय्य आहे का? माझ्या मते अशा टोकाच्या ठिकाणी नाही. ग्रेड आणली ती १०० मार्कांच्या पट्टीचा खोटा बारीकपणा घालवण्यासाठी. तपासणारा माणूस ६८ आणि ६९ मध्ये खरंच फरक करू शकतो, असा दावा कुणी करू नये, हे पटण्यासारखं आहे. पण ६९ आणि ७० मधला तितकाच नकली फरक याच पद्धतीने चारपट मोठा करून ठेवला. आठ मार्क जास्त मिळवलेली मुलगी अर्धा पॉइंट मागे राहते, हे पाहून तुला राग आला तर तो रास्तच आहे. पण तो राग पद्धतीवर असू दे, तपासणाऱ्यावर नको आणि मैत्रिणीवर तर अजिबात नको.

तपासणाऱ्यावर का नको, ते सांगते. मी बरीच वर्षं कॅप सेंटरवर, म्हणजे सगळे पेपर एकत्र तपासतात त्या केंद्रावर, बसून पेपर तपासले आहेत. गठ्ठा समोर येतो तेव्हा त्यावर नाव नसतं, आणि सीट नंबरही झाकलेला किंवा बारकोडमागे असतो. मी तुझ्या विद्यापीठाच्या ६० मार्कांच्या पेपरला ४१ दिले, तर ते ४१ देताना मला माहीत नसतं की कॉलेजने तुला ४० पैकी २८ दिलेत आणि दोन्ही मिळून ६९ होणार आहेत. ती बेरीज नंतर संगणकात होते. म्हणजे तुझे ६९ कुणी ‘दिलेले’ नाहीत, ते दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या आकड्यांचे झाले आहेत. मॉडरेटर काही पेपर पुन्हा बघतात, त्यांच्यापुढेही फक्त ६० पैकीचेच मार्क असतात. तुला एका मार्काने अडवायचं ठरवलं तरी त्यासाठी लागणारी माहितीच कुणाच्या हातात नसते.

आणि मैत्रिणीवर का नको? काही संस्थांत सापेक्ष ग्रेडिंग असतं. पवईच्या आयआयटीत एए, एबी, बीबी अशा ग्रेड असतात, आणि तिथे कुठल्या मार्काला कुठली ग्रेड हे वर्गाची एकूण कामगिरी बघून ठरू शकतं. तुमच्याकडे सीमा आधीच ठरलेल्या आहेत. तिला ७० मिळाले म्हणून तुझं काही कमी झालं नाही. एका खोलीत राहणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवलं तर पुढची दीड वर्षं बरी जातील.

आता ज्यासाठी मी हे सगळं मांडलं ते. तीन मार्कांमुळे तुझे बारा पॉइंट गेले. दुसऱ्या सेमिस्टरच्या फिजिक्समध्ये किती गेले, ते मोजलंस का? तो विषय चार क्रेडिटचा. विद्यापीठाच्या पेपरला तुला ६० पैकी ३८ आहेत. इंटर्नलचे २८ धरले तर ६६ होतात, बी प्लस, ७ पॉइंट. चार साते अठ्ठावीस. गैरहजर लागल्यामुळे विषय राहिला आणि तिथे पडलं शून्य. म्हणजे बारा पॉइंटांसाठी तू रडते आहेस आणि हक्काचे अठ्ठावीस पॉइंट ‘बहुतेक तसंच करावं लागेल’ म्हणून सोडून द्यायला निघाली आहेस. हे बारा पॉइंट मिळतील की नाही सांगता येत नाही. ते अठ्ठावीस तुझे आहेतच, फक्त नोंदले गेलेले नाहीत.

इंटर्नलचे मार्क कॉलेजच भरतं. शिक्षक यादी देतात, कुणीतरी विद्यापीठाच्या पोर्टलवर एकेक आकडा टाकतं, मग ते पान लॉक होतं. एक ओळ वर-खाली झाली, रोल नंबर ३४ च्या जागी ४३ वाचला, कुणाची टेस्ट नंतर घेतली आणि तिची यादी वेगळी राहिली, की पुढे ‘गैरहजर’ येतं. विद्यापीठाला ते खोटं आहे हे कळण्याचा मार्ग नाही. दुरुस्ती कॉलेजनेच पाठवावी लागते: त्या दिवसाची हजेरीची सही, शिक्षकांची मूळ गुणयादी आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र. ऑफिसला हे काम नको असतं, कारण त्यात आपली चूक लेखी कबूल करावी लागते. म्हणून ‘केटीचा फॉर्म भर’ हा सल्ला मिळतो. तो त्यांच्या सोयीचा आहे, तुझ्या नाही. केटी दिलीस तर फी तू भरणार, अभ्यास तू करणार, आणि काही ठिकाणी दुसऱ्या प्रयत्नात पास झाल्याची खूणही मार्कशीटवर राहते.

तेव्हा सर्वांत आधी फिजिक्सच्या सरांकडे जा. त्यांच्याकडे २८ ची नोंद आहे का बघ, उत्तरपत्रिका जपली असेल तर उत्तमच. मग प्राचार्यांच्या नावे अर्ज दे. तोंडी बोलून येऊ नकोस. अर्जाची दुसरी प्रत बरोबर ने आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि सही घे. ती पोच हाच तुझा सगळ्यांत मोठा कागद. काही झालं नाही तर कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी ती प्रत्येक संस्थेत बंधनकारक केली आहे आणि तिच्यावर विद्यापीठ पातळीवर लोकपाल आहे. लोकपाल नुसत्या फेरतपासणीच्या तक्रारी ऐकत नाहीत, पण निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता दाखवली तर ऐकतात. टेस्ट दिलेल्या मुलीला गैरहजर दाखवणं ही तशीच गोष्ट आहे.

एक खबरदारी मात्र घे. केटीच्या फॉर्मची शेवटची तारीख तोंडावर आली आणि दुरुस्ती अजून झाली नसेल, तर फॉर्म भरून ठेव. पैसे वाया गेले तर जाऊ देत. दुरुस्तीही नाही आणि फॉर्मही नाही, अशी तुझी अवस्था व्हायला नको.

आता रिव्हॅल्युएशन, म्हणजे पुनर्मूल्यांकन. सगळे पेपर टाकू नकोस. प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट, इंटर्नल हे साधारणपणे पुनर्मूल्यांकनात येतच नाहीत. उरलेल्यांत जिथे एक-दोन मार्कांनी ग्रेड बदलते तेच पेपर बघायचे, म्हणजे ६९, ५९ आणि ६९. पण त्यांचाही थेट रिव्हॅल्युएशनचा अर्ज नको. आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागव. उत्तरपत्रिका बघण्याचा तुझा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये, सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात, माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. मात्र माहिती अधिकाराला तीस दिवस लागू शकतात आणि विद्यापीठाच्या अर्जाची खिडकी निकालानंतर थोडेच दिवस उघडी असते. तेव्हा प्रत विद्यापीठाच्याच पद्धतीने, त्यांच्या मुदतीत मागव. बघण्याचा हक्क आहे म्हणून फेरतपासणीचाही हक्क आपोआप मिळतो असं नाही. महाराष्ट्राच्या दहावी-बारावी बोर्डाच्या प्रकरणात न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितलं होतं की पुनर्मूल्यांकन नियमात असेल तरच मिळतं. म्हणून नियम आणि तारीख दोन्ही आजच बघ.

प्रत हातात आली की उत्तरं बरोबर होती की नाही, हे लगेच वाचत बसू नकोस. पहिलं पान उघड. तिथे प्रश्न आणि उपप्रश्नांच्या चौकटी असतात. आता आतलं एकेक पान उलट आणि प्रत्येक उत्तराशेजारचा आकडा त्या चौकटीशी जुळव. मी स्वतः पाहिलेली नेहमीची चूक सांगते: मुलगी प्रश्न तीनचा ‘ब’ विसरते आणि तो शेवटी, पुरवणीत, प्रश्न पाचनंतर लिहिते. तपासणारा त्याला आत तीन मार्क देतो, गोल करतो, पण पहिल्या पानावर तीन ‘ब’ ची चौकट रिकामीच राहते, कारण तो तेव्हा पाचव्या प्रश्नाच्या ओळीत असतो. बेरीज चौकटींची होते. तीन मार्क गेले. दुसरी चूक, पुरवणीचं पान प्रतीत दिसतच नाही. तिसरी, एखाद्या उत्तरावर बरोबरची खूण आहे पण आकडा नाही. चौथी, ‘कोणतेही तीन’ लिहायला सांगितलेलं असताना तू चार लिहिलेस आणि पहिलेच तीन मोजले गेले. अशावेळी सर्वांत चांगले तीन धरायचे की पहिले तीन, हे तुमच्या नियमात काय आहे ते विचार.

यातलं काही सापडलं तर रिव्हॅल्युएशनची गरजच नाही, गुणपडताळणीत, म्हणजे नुसती बेरीज आणि नोंदी तपासतात त्यात, ते सुटतं आणि त्याची फीही कमी असते. काहीच सापडलं नाही, पण एखाद्या उत्तराला अगदी कमी मार्क वाटले, तर तो पेपर विषयाच्या शिक्षकांना दाखव. त्यांनी ‘यात दम आहे’ म्हटलं तरच पुनर्मूल्यांकन टाक. आणि टाकण्याआधी हेही वाच की मार्क कमी झाले तर कुठले धरतात. काही विद्यापीठांत नवे मार्कच अंतिम असतात.

‘एका मार्काने राहिलं तर ग्रेस देत नाहीत का?’ असं तुझ्या मनात आलं असेलच. ग्रेस आहे, पण तो मुख्यतः पास होण्यासाठी. मुंबई विद्यापीठाच्या निकालपत्रकात @ ही खूण दिसली की मुलं ‘५०४२-ए’ म्हणतात. त्या अध्यादेशाखाली, ज्यात वेगळं पास व्हावं लागतं अशा एकेका भागात दोन-तीन मार्क वाढवून मिळतात, एकूण मार्कांच्या एक टक्क्याच्या आत. # म्हणजे अध्यादेश २२९, खेळ, एनसीसी, एनएसएससारख्या सहभागाचे दहापर्यंत मार्क. तू एनएसएसमध्ये असशील तर तुमच्या विद्यापीठात असा नियम आहे का आणि तो कशासाठी वापरता येतो, हे प्रोग्राम ऑफिसरना जरूर विचार. एका विषयात ६९ चे ७० करण्यासाठी ग्रेस मिळेल, ही आशा मात्र धरू नकोस.

आता पप्पांचे टक्के. तुझ्या मार्कशीटवर मार्क छापलेले आहेत, त्यामुळे तुझं काम सोपं आहे: ४०८ भागिले ५५०, म्हणजे ७४.१८ टक्के. पप्पांना हेच सांग. त्यांना एसजीपीएत रस नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांच्या वेळी फर्स्ट क्लास आणि डिस्टिंक्शन होतं, त्यांना तुझं यश त्यांना कळणाऱ्या भाषेत हवंय. आणि ७४.१८ हा आकडा फोनवर सांगायला चांगलाच आहे.

स्कॉलरशिपच्या फॉर्मला मात्र हिशेब सांभाळून कर. तुझ्या ७.७३ ला दहाने गुणलं तर ७७.३ येतात. साडेनऊने गुणलं तर ७३.४. एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचा, जो तक्ता आहे, ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.७५ म्हणजे ७०, त्याप्रमाणे पाऊण पॉइंट वजा करून दहाने गुणायचं, तर ६९.८. एकच मुलगी, एकच सेमिस्टर, आणि तीन उत्तरं, शिवाय खरे टक्के चौथेच. साडेनऊचा आकडा सीबीएसईने दहावीच्या सीजीपीएसाठी, म्हणजे ग्रेड पॉइंटांच्या एकूण सरासरीसाठी, त्यांच्या मुलांच्या मार्कांवरून काढला होता. विद्यापीठाच्या निकालाशी त्याचा काही संबंध नाही, तरी तो सगळीकडे फिरतो. एआयसीटीईचा तक्ता तंत्रशिक्षणासाठी. तेव्हा फॉर्ममध्ये स्पष्ट सूत्र दिलं असेल तर ते, नाहीतर मार्कशीटवरच्या एकूण मार्कांवरून, आणि मार्क छापलेलेच नसतील तर विद्यापीठाने मार्कशीटमागे किंवा परिपत्रकात दिलेलं सूत्र. मनाने जास्तीचा आकडा टाकू नकोस. कागदपत्रांची छाननी होते तेव्हा ७७.३ आणि ७४.१८ मधला फरक समजावून सांगायला तू तिथे नसतेस आणि फॉर्म बाद होतो.

निकाल उशिरा लागल्यामुळे स्कॉलरशिपची तारीख जवळ आली, असंही तू ओझरतं लिहिलं आहेस. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावायचा आहे. हे पाळलं जात नाही तेव्हा काय होतं, ते मुंबईने २०१७ मध्ये पाहिलं. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीविना एकदम सगळ्या परीक्षांना लावली. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली तरी निकाल पुढे रेंगाळले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्या वर्षी पुढच्या प्रवेशांसाठी आणि नोकऱ्यांसाठी ताटकळलेल्या मुलांची भरपाई कुणी केली नाही. म्हणून सांगते, निकालाच्या विलंबाबद्दल स्कॉलरशिपच्या कार्यालयाला काही कळवायचं असेल, तर निकाल जाहीर झाल्याच्या तारखेची प्रत लावून लेखी कळव.

राहिला तो ७.७३ चा सल. तीन वर्षांची तुझी डिग्री, सेमिस्टरला २२ क्रेडिट धरले तर १३२ क्रेडिटची. सीजीपीए त्या सगळ्यांवर निघतो, दर सेमिस्टरला त्याच्या क्रेडिटचं वजन देऊन. आजचे बारा पॉइंट १३२ ने भागले तर ०.०९. फिजिक्सचे अठ्ठावीस भागले तर ०.२१. पुढच्या तीन सेमिस्टरमध्ये चार क्रेडिटच्या एका पेपरात तू एक पायरी वर चढलीस की त्यातले चार पॉइंट परत आले. आणि पुढच्या वेळी अभ्यासाचा वेळ वाटताना हेही बघ: योगाला तू ४७ मिळवलेस, तिथे ४५ लाही तेवढेच पॉइंट होते. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या पेपराला मात्र तू ५९ वर आहेस. तो विषय तुझा मेजर आहे, एम. एस्सी.च्या प्रवेशाला तोच लागणार आहे. मार्कांसाठी नाही म्हणत, पण त्या पेपरात तुला काय येत नाही हे छायांकित प्रतीत स्पष्ट दिसेल. पडताळणीचं काम झालं की ती प्रत फेकू नकोस, शिक्षकांसमोर बसून एकदा वाचून घे.

अर्ज कसा लिहायचा हे तू विचारलं नाहीस, पण मी मजकूर देते, कारण हा अर्ज उद्या सकाळी ऑफिस उघडताच जायला हवा:

«मा. प्राचार्य यांस, विषय: दुसऱ्या सेमिस्टरच्या भौतिकशास्त्र विषयातील अंतर्गत गुणांच्या नोंदीत दुरुस्ती होणेबाबत. महोदय, मी वरील विषयाची अंतर्गत चाचणी दिनांक ... रोजी दिली असून हजेरीपत्रकावर माझी सही आहे. विषय शिक्षकांच्या नोंदीनुसार मला ४० पैकी २८ गुण आहेत. मात्र विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत मला गैरहजर दाखवण्यात आले आहे. तरी हजेरीपत्रक व गुणयादीच्या प्रतींसह दुरुस्तीचा प्रस्ताव विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवावा व त्याच्या जावक क्रमांकाची प्रत मला मिळावी, ही विनंती. सोबत: गुणपत्रिकेची प्रत.»

खाली नाव, वर्ग, रोल नंबर, सीट नंबर आणि पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक. ‘जावक क्रमांकाची प्रत मिळावी’ ही ओळ गाळू नकोस. प्रस्ताव खरंच गेला की टेबलावरच पडून आहे, हे त्यावरूनच कळतं. जावक क्रमांक मिळाला की परीक्षा विभागात स्वतः विचारता येतं. दुरुस्त मार्कशीट आली की मला कळव, आणि आली नाही तरी कळव, पुढच्या तक्रारीचा मसुदा आपण मिळून करू.